काठ शिवताना: ट्रेकच्या छताला इंटरलॉक लावू देऊ नका

ट्रेकला न्यायला हलकं छत, दोऱ्यांनी ताणून बांधायचं, घरीच करायचं ठरवलं, तेव्हा काळजी कापडाची होती. ती रविवार पेठेत मिटली. आतून पीयू कोटिंग (पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर) असलेलं रिपस्टॉप नायलॉन, म्हणजे चौकटीच्या विणीमुळे फाट पुढे पसरू न देणारं, 58 इंच पन्हा. दोन पन्हे मधोमध जोडले की साधारण सव्वानऊ फुटांचा चौरस होतो. बेतणं आणि जोडणं विनासायास झालं. गाडी अडली ती काठावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

घरचं पायमशीन दुरुस्तीला गेलेलं. म्हणून काठाचं काम पिको-फॉल, अल्टरेशन करणाऱ्या एका दुकानात दिलं. कागदावर लिहून दिलं होतं: काठ दोनदा आत दुमडायचा, प्रत्येक दुमड एक सेंटीमीटर, पॉलिएस्टरचा दोरा, टाका मोठा. कागद न वाचताच उत्तर आलं, ‘ताई, इंटरलॉक मारतो, वरून एक टीप घालतो. काही होत नाही.’ मी नको म्हटलं, पुन्हा समजावून सांगितलं. मग उद्या या, परवा या, लग्नसराई आहे. हेलपाटे घालून पाय दुखले. शेवटी कापड हातात आलं ते चारही बाजूंनी इंटरलॉक केलेलं. इंटरलॉकच्या मशीनला पाती असते, ती शिवता शिवता काठ छाटत जाते. मी दुमडीसाठी सोडलेलं कापड दुकानाच्या केरात गेलं. वरच्या टिपेच्या दोऱ्याचं टोक घरी काडीने पेटवून पाहिलं. पॉलिएस्टर असता तर वितळून गोळी झाली असती. इथे राख झाली. सुती दोरा! पावसात तो पाणी शोषतो, टिपेतून आत ओढतो आणि कुजतोही.

‘काही होत नाही’ हे ब्लाउजपीसच्या बाबतीत खरं असेल. छत दोऱ्यांनी ताणलं की सगळा ताण काठावर येतो. इंटरलॉक फक्त सुतं सुटू देत नाही, काठाला बळ देत नाही. दुहेरी दुमडीत कापडाचे तीन थर होतात आणि कापलेली कड आत झाकली जाते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून वर येणारा वारा ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना हे सांगावं लागणार नाही.

तो सगळा काठ मी कापून टाकला. छत थोडं लहान झालं, पण पुढचं काम मीच केलं, घरच्या मशीनवर.

नायलॉन मशीनच्या पायाखालून घसरतं. खालचा थर पुढे सरकतो, वरचा मागे राहतो आणि काठाला लाटा येतात. यावर आईने सांगितलेला उपाय चालला: कापडाखाली बटर पेपरची पट्टी ठेवायची, कागदासकट टीप मारायची, मग कागद फाडून काढायचा. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल केला, इंचाला आठेक टाके ठेवले. टाके बारीक असले तर भोकांची ओळ तयार होते आणि कापड तिथेच फाटतं. टाचण्या आतल्या बाजूला टोचू नका, त्यांची भोकं राहतात. मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. दुमडीला इस्त्रीही नको, चमच्याच्या पाठीने घासली की घडी बसते.

कोपरा ही खरी परीक्षा. दोन्ही बाजूंची दुहेरी दुमड एकावर एक आली की नऊ थर होतात, सुई वाकते किंवा टाके गाळते. दुमडण्याआधी कोपऱ्याचं टोक तिरकं कापलं की थर कमी होतात. बाकी काठाला 14 नंबरची सुई, कोपऱ्याला 16 नंबरची, आणि तिथे पायडल सोडून चाक हाताने फिरवायचं. माझे चारही कोपरे सपाट बसलेत. ते मी येईल त्याला दाखवते.

आणि हो, पितळी रिंगा ठोकू नका. जाड ताडपत्रीला ठीक, पण पातळ कापडात भोक पाडलं की सुतं तुटतात आणि वाऱ्यात रिंग उपटून येते. त्याऐवजी सॅकच्या नायलॉन पट्टीचे फास करायचे. आधी कोपऱ्याला त्याच कापडाचं ठिगळ, मग पट्टी, चौकोनी टीप आणि चौकोनात फुली. पट्टीची टोकं मेणबत्तीवर धरून वितळवायची, नाहीतर ती उसवत जातात. हे फास काठ शिवायच्या आधी बेतून ठेवा, म्हणजे त्यांची टोकं दुमडीतच जातात.

पहिल्या पावसात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पाचनईला एका घरामागच्या शेतात ते छत बांधलं. ओलं नायलॉन सैल पडतं, त्यामुळे रात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागल्या. काठ जागचा हलला नाही.

मधल्या जोडाला आतून सीम सीलर, म्हणजे टाक्यांची भोकं बुजवणारा लेप, लावायचा. पीयूचं कापड असेल तर पीयूचा, सिलिकॉनचं असेल तर सिलिकॉनचा. अदलाबदल केली तर तो धरत नाही, सोलून निघतो. पूर्ण वाळल्यावर त्यावर थोडी टाल्कम पावडर चोळा, म्हणजे घडी केल्यावर कापड एकमेकांना चिकटत नाही.