मोजत काय बसता, खायला द्या ना! (तुम्ही विचारलंत म्हणून)

मी कुपोषणाच्या डेटावर काम करते हे कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. मुलं किती बारीक झालीत हे महिनोन्‌महिने मोजत बसण्यापेक्षा तेच पैसे सरळ त्यांच्या जेवणावर का नाही घालत? परवा एकीने जरा चिडूनच विचारलं आणि मला तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून आता बसून लिहितेय.

आधी हे सांगते की तिचा राग मला पटतो. वजनकाट्यावर उभं राहून कुणाचं पोट भरत नाही. पण न मोजता वाटलेलं अन्न, ज्या मुलाला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही, कारण ते मूल नुसतं बघून ओळखू येतंच असं नाही. तीन वर्षांचं मूल दोन वर्षांच्या मुलाएवढं दिसत असेल तर लोक त्याला दोनचंच समजतात आणि छान आहे म्हणतात, वय विचारलं तरच ते खुजं राहिलंय हे कळतं. आणि सूज तर त्याहून फसवी. एका घरी आजी कौतुकाने सांगत होती, बघा कसं बाळसं धरलंय, गाल खरंच भरलेले होते, वजनही ठीक आलं. आमच्या बरोबरच्या ताईंनी त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठे ठेवले, तीन सेकंद दाबून धरले आणि उचलले तर दोन्हीकडे खड्डा तसाच राहिला. ते वजन पाण्याचं होतं. दोन्ही पायांवर असा खड्डा पडला की काटा काहीही दाखवो, मूल थेट अतितीव्र कुपोषित, म्हणजे आम्ही ज्याला सॅम म्हणतो त्यात धरायचं आणि लगेच उपचाराला पाठवायचं. आजीचा चेहरा अजून आठवतो.

बाकी मोजमापं तशी साधी आहेत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर टेपने बघायचा, ११५ मिलिमीटरच्या खाली गेला तर सॅम, ११५ ते १२५ च्या मध्ये असेल तर मध्यम कुपोषित, मॅम. दुसरी पद्धत उंचीच्या मानाने वजन बघायची, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यांशी ताडायचं. ते तक्ते सहा देशांतल्या, नीट खायला-प्यायला आणि आईचं दूध मिळालेल्या मुलांवरून केलेत. गंमत म्हणजे या दोन पद्धती दर वेळी तीच मुलं पकडत नाहीत, काही मुलं एकीत सापडतात तर काही दुसरीत. त्यामुळे मध्येच कुणी पद्धत बदलली तर एकाही मुलात काही फरक न पडता ग्राफ उडी मारतो आणि मग सगळे कारणं शोधत बसतात.

आणि कुठला आकडा किती वेगाने हलतो हेही माहीत लागतं. मूल रोडावतं ते काही आठवड्यांत, आजार आला, घरातलं धान्य संपलं की लगेच. उंची मात्र हळूहळू मागे पडते, वर्षं लागतात. तीन महिने आहार दिला, खुजेपणा का कमी झाला नाही असं मीटिंगमध्ये कुणी विचारलं की मला समजावत बसावं लागतं की तो आकडा तीन महिन्यांत हलणारच नव्हता.

आता माझ्या रोजच्या कामाबद्दल, कारण खरी भानगड तिथे आहे. एकदा एका ठिकाणची फाईल आली, त्यात जवळजवळ सगळ्या उंच्यांचा शेवटचा आकडा शून्य नाहीतर पाच. मुलं काही अशी मोजून-मापून वाढत नाहीत! अशा गोल आकड्यांनी आणि चुकांनी मापं विस्कटतात, आणि विस्कटली की खरं प्रमाण तेवढंच असूनही कितीतरी जास्त मुलं कुपोषणाच्या रेषेच्या खाली गेल्यासारखी दिसतात. म्हणून कुठल्याही सर्व्हेत आधी झेड स्कोअर, म्हणजे मुलाचं माप तक्त्यातल्या मधल्या मापापासून किती लांब आहे ते सांगणारे आकडे, किती पसरलेत ते बघतात, त्या पसरण्याचा आकडा साधारण ०.८ ते १.२ च्या मध्ये हवा, तिथे तो बराच वर होता. मी बघायला गेले. दोन वर्षांच्या आतलं मूल बोर्डवर झोपवून मोजायचं असतं, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून पायाकडची फळी टाचांना टेकवायची आणि आकडा वाचायचा. तिथे दोघांचं काम एकच ताई करत होत्या, मूल ओरडतंय, वळवळतंय, आई बाजूला रडकुंडीला आलीय, मागे रांग लागलीय, आणि त्या एका हाताने डोकं धरून दुसऱ्या हाताने फळी सरकवून वाकून मिळेल तो जवळचा आकडा लिहीत होत्या. त्यांना काय बोलणार? त्यांना दुसरी व्यक्ती द्यायला हवी होती, ती मिळाल्यावर पुढच्या फाईलमधले शेवटचे आकडे आपोआप शून्य ते नऊ असे पसरले. कुणाला ओरडावं लागलं नाही.

माझी स्वतःची चूक याच्यापेक्षा मोठी आहे. एका महिन्यात कुपोषणाचं प्रमाण एकदम उतरलं, आम्ही सगळे खूश, मीटिंगमध्ये कौतुक झालं, रिपोर्टवर माझी सही आहे. नंतर शांतपणे बघितलं तर त्या महिन्यात मोजलेली मुलंच कमी होती. रस्ता बंद होता म्हणून लांबच्या वस्त्यांवर कुणी गेलंच नव्हतं, आणि सगळ्यात अशक्त मुलं तिथेच होती. म्हणजे आकडा सुधारला कारण ती मुलं त्यात नव्हती. त्या आकड्यावरून वाटली जाणारी मदत महिनाभर पुढे ढकलली गेली, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. तेव्हापासून कुठलीही फाईल आली की मी टक्केवारी नंतर बघते, आधी बघते किती मुलं मोजायची राहिली आणि कुठली.

आणि फक्त मुलांचं वजन बघूनही चालत नाही. १९९७-९८ मध्ये इंडोनेशियात आर्थिक संकट आलं, अन्न प्रचंड महागलं, तेव्हा मध्य जावात घरोघरी मोजमाप चालू होतं. मुलांची वजनं जवळपास टिकून राहिली. नुसतं तेवढंच बघितलं असतं तर सगळं ठीक आहे असं वाटलं असतं. पण आया बारीक झाल्या होत्या, स्वतःच्या वाटचं त्या मुलांना देत होत्या, आणि मुलांचं हिमोग्लोबिनही घसरलं होतं कारण पोट भरत असलं तरी चांगलंचुंगलं ताटातून गेलं होतं. बांगलादेशातल्या वर्षानुवर्षांच्या मोजमापातून अजून एक गोष्ट दिसली, तांदळावरचा खर्च कमी झाला तेव्हा घरं उरलेल्या पैशात इतर पदार्थ घेत होती आणि कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण खाली आलं. म्हणजे कुपोषणावरचा निर्णय कधीकधी आरोग्य खात्याच्या टेबलावर नसतोच, तो धान्याच्या भावाचा असतो, आणि हे मोजल्याशिवाय कुणाला दाखवून देणार?

पण चिडून विचारणाऱ्या त्या मैत्रिणीचं एका बाबतीत पूर्ण खरं आहे. मोजून गप्प बसायचं असेल तर मोजूच नये. सोमालियात २०१० च्या शेवटापासून इशारे येत होते, आकडे होते, रिपोर्ट होते. पण तिथे फॅमिन, म्हणजे माणसं मरण्याइतकी भीषण उपासमार आहे, अशी अधिकृत घोषणा झाली २० जुलै २०११ ला. त्या संकटात सुमारे २ लाख ५८ हजार माणसं गेली, त्यातली जवळपास निम्मी पाच वर्षांच्या आतली मुलं. त्या घोषणेची पातळीच अशी आहे की ३० टक्क्यांपेक्षा जास्त मुलं रोडावलेली हवीत आणि शिवाय रोज दहा हजारांत दोनपेक्षा जास्त मृत्यू हवेत. म्हणजे घोषणेची वाट बघायची म्हणजे मरणं सुरू व्हायची वाट बघायची. डेटा कमी नव्हता हो तिथे, अमुक आकडा आला की अमुक माणूस पैसे सोडेल हे आधी ठरलेलं नव्हतं.

म्हणून आता कुठेही मोजमाप सुरू करताना मी आधी एकच भांडण करते, किती आकडा आला की कोण काय करणार हे आत्ता लिहा. रोडावलेल्या मुलांचं प्रमाण ५, १०, १५ टक्के अशा जागतिक पायऱ्या आहेत, त्या आधाराला चांगल्या, पण त्यांच्यावर डोळे मिटून जाऊ नये. दर वर्षी टंचाईच्या महिन्यांत १२ टक्के होतं आणि यंदाही १२ च आहे, यापेक्षा सुगीच्या दिवसांत ४ असणारं प्रमाण ८ झालंय याची मला जास्त धास्ती वाटते, जरी पायरीवर ८ चा आकडा खाली दिसत असला तरी.

आमच्या फॉर्मवर आता सगळ्यात वरच एक ओळ असते, आकडा एवढ्यावर गेला तर कुणाला फोन करायचा आणि तो किती दिवसांत काय पाठवणार. मागच्या वेळी ती पातळी ओलांडली तेव्हा फोन त्याच संध्याकाळी गेला, उपचाराच्या आहाराची खोकी नवव्या दिवशी पोचली. मला ते नऊ दिवससुद्धा जास्त वाटले, पुढच्या वेळी सहा व्हावेत म्हणून साठा जवळ कुठे ठेवता येईल ते सध्या बघतोय.