नावात लाल, हाताला खरखरीत

ओपीडी आटपत आली होती. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम करणारे एक गृहस्थ सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले. ताप, घसा दुखतोय, अंगावर काहीतरी उठलंय. सोबतच्या आज्जींनी निदान घरूनच करून आणलं होतं. "गोवर हाय. म्हणून आंघोळ घातली न्हाई."

गोवर म्हणावा तर खोकला नाही, नाक वाहत नाही, डोळे स्वच्छ. टॉन्सिल मात्र लालभडक, त्यांवर पू. ओठांभोवती फिकट कडं, जिभेवर लाल दाणे. पुरळ जेमतेम दिसत होतं. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या मुलांचे. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल रंग बुजून जातो. मी पाठीवरून हात फिरवला, वडिलांनाही फिरवायला लावला.

"पॉलिश पेपरगत लागतंय की!"

कास्टिंग घासणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं?

केसपेपरवर मी 'स्कार्लेटिना' लिहिलं. वडिलांनी लगेच मोबाइलवर शोधलं. "म्हंजे स्कार्लेट फीव्हरचा धाकटा भाऊ का?" शंका रास्त होती. शब्द इटालियन वळणाचा, शेवटचा 'इना' लहानपण दाखवणारा. मुळातला लॅटिन 'स्कार्लातम' म्हणजे भारी कापड. लाल रंगाचा अर्थ मागाहून चिकटला. जुन्या मराठी कागदांतली 'सकलाद', म्हणजे भारी लोकरी कापड, याच कुळातली मानतात. लंडनच्या डॉक्टर थॉमस सिडनहॅमने १६७६ मध्ये हे नाव तापाला लावलं, आणि हा नावापुरताच रोग, असंही लिहून ठेवलं. एकोणिसाव्या शतकात याच रोगाने युरोपात असंख्य मुलं नेली! थोडक्यात, धाकटा-थोरला काही नाही, दोन्ही नावं एकाच आजाराची. घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू, अंगावर त्याच्या विषाचं पुरळ.

घशाचा स्वॅब पाठवला, अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सुरू केलं. पूर्ण १० दिवस, हे तीनदा बजावलं. ताप उतरला की बाटली फ्रिजवर ठेवून द्यायची आपल्याकडची रीत इथे धोक्याची. अर्धवट उपचारातून पुढे संधिवाताचा ताप आणि हृदयाच्या झडपांचं दुखणं मागे लागू शकतं. आंघोळ घाला म्हटल्यावर आज्जी माझ्याकडे बघतच राहिल्या.

कोर्स संपल्यावर वडिलांचा फोन आला. बोटांची सालं निघत होती. ती निघणार हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाबरलेले नव्हते. "शाळेत पाठवू न्हवं?"

"पाठवा. आणि लघवी लाल झाली किंवा तोंड सुजलं, तर मात्र त्याच दिवशी घेऊन या."