तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोसेसरचं खरं तापमान कोण दाखवतं?

"अचूक तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर कुठलं?" मी सविस्तर सांगायला लागलो की समोरचा म्हणतो, एवढं नको, फक्त नाव सांगा. घ्या नाव: विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. पण नुसतं नाव घेऊन गेलात तर माझ्या भाच्याचं झालं तेच होऊ शकतं.

मुळात यातलं एकही सॉफ्टवेअर तापमान मोजत नाही. मोजतो चिपमधला सेन्सर. सॉफ्टवेअर रजिस्टरमधला, म्हणजे चिपमधल्या छोट्या नोंदीच्या जागेतला, आकडा वाचतं आणि त्याचा अर्थ लावतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तो आकडा तापमानाचाही नसतो. कोअर (प्रोसेसरमधला गणना करणारा एकेक भाग) तापमानाच्या कमाल मर्यादेच्या किती अंश खाली आहे, एवढंच त्यात असतं. मर्यादा १०० आणि रजिस्टरमध्ये ४० असतील तर स्क्रीनवर ६० दिसतात. इंटेलच्या कोअर २ या जुन्या प्रोसेसरांच्या काळात सुरुवातीला ही मर्यादाच जाहीर नव्हती. प्रत्येक प्रोग्रॅम आपला अंदाज धरायचा आणि एकाच मशीनवर दोन वेगळी तापमानं दिसायची.

आता भाच्याचं. पैसे साठवून त्यानं स्वतः मशीन जोडलं होतं, एएमडी कंपनीचा पहिल्या पिढीचा रायझन १८००एक्स हा प्रोसेसर घालून. काहीही चालू नसताना तापमान साठीच्या घरात. ज्याला त्याला विचारलं, सगळे म्हणाले, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नीट लागलेली नाही. त्यानं कूलर काढला, पुसला, पेस्ट पुन्हा लावली. आकडा तोच. परत काढला, परत तोच. पुढच्या खेपेला त्यानं मशीन गरम न करता कूलर सरळ वर ओढला आणि पेस्टला घट्ट चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर आला. मी पोचलो तेव्हा तो टेबलावर उलटा पडला होता. एका कोपऱ्यातल्या पिना शेजारच्या पिनांवर रेलल्या होत्या. भिंग धरून, पातळ पात्यानं आम्ही एकेक पीन उभी करत बसलो. शेवटच्या काहींपैकी एक मुळाशीच तुटली. तो काही बोलला नाही. मशीन परत सुरू झालं नाही.

आणि तो प्रोसेसर तापलेलाच नव्हता. १७००एक्स आणि १८००एक्स या मॉडेलांत पंख्यांना दिल्या जाणाऱ्या नियंत्रण-तापमानात २० अंश मुद्दाम मिळवलेले असतात, सगळ्या मॉडेलांचे पंखे एकाच धोरणानं चालावेत म्हणून. एएमडीनं हे २०१७ सालीच जाहीर केलं होतं. भाच्याचा प्रोग्रॅम ते २० वजा न करता आकडा दाखवत होता, वर नाव फक्त "सीपीयू". एचडब्ल्यूइन्फोत टीसीटीएल (पंख्यांसाठीचं नियंत्रण-तापमान) आणि टीडाय (चिपचं खरं तापमान) अशा दोन वेगळ्या ओळी दिसल्या असत्या. मी नाव सांगून थांबत नाही, ते यामुळे. कुणाला कंटाळा येतो, येऊ दे.

पूर्वी मीच म्हणायचो, चार-पाच अंशांनी काय बिघडतं? ते अजूनही मला पटतं. इंटेलचे सेन्सर मर्यादेजवळ भरवशाचे असतात, थंड प्रोसेसरवर तितके नसतात. त्यामुळे ३२ की ३६ हा वाद फुकटचा. पण मग "अचूक" म्हणजे नेमकं काय हवंय तुम्हाला? मला हवं असतं ते एवढंच: ही ओळ कुठल्या सेन्सरची, मर्यादा किती दूर, आणि प्रोसेसर उष्णतेमुळे स्वतःचा वेग कमी करतोय का. एचडब्ल्यूइन्फोत असा वेग कमी होण्याची, म्हणजे थर्मल थ्रॉटलिंगची, हो-नाही अशी ओळ असते. आधी ती बघा. मदरबोर्डच्या सेन्सरांपैकी एखादा १२७ दाखवत असेल तर घाबरू नका, बहुधा तिथं काही जोडलेलंच नसतं. रायझन ७००० मालिका पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाते, ती तशीच बनवलेली आहे.

एका गोष्टीवर मात्र मला स्वतःलाच उत्तर सापडलेलं नाही. हे रजिस्टर वाचायला विंडोजच्या गाभ्यात उतरणारा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. अनेक मोफत प्रोग्रॅम वर्षानुवर्षं विनरिंग० हा ड्रायव्हर वापरत आले. त्यातली सुरक्षेची त्रुटी २०२० पासून नोंदलेली आहे, आणि २०२५ मध्ये विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर त्याला धोकादायक ठरवू लागला. तापमान बघण्यासाठी एवढं दार उघडायचं का? माझ्या मशीनवर मी उघडतो, कारण मला आकडा लागतो. ज्यांना तो फक्त काळजीपोटी बघायचाय, त्यांना मी कधी हो म्हणतो, कधी नाही.