निघण्याआधीचं जर्मन

मे महिना. सोलापुरात दुपारी पारा ४३ च्या पुढे. गच्चीवर पाय ठेववत नाही, म्हणून पहाटे पाचला वर जाऊन मी मोठ्यानं जर्मन बोलते. जूनमध्ये चार आठवडे जर्मनीत फ्रायबुर्गला जायचंय. सकाळी वर्ग, उरलेला दिवस गावात, राहणं एका जर्मन कुटुंबात. भाषेची ए-टू पातळी झालीय, पुढची बी-वन तिथं करायची.

मुक्काम ९० दिवसांच्या आतला, त्यामुळे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला गेले. रात्री झोप लागेना, मग बर्थचे आकडे जर्मनमध्ये म्हणत बसले. पंचवीस म्हणजे 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. इंग्रजीच्या सवयीनं हे उलटं वाटतं, पण आपलं पंचवीस तरी काय, आधी पाच, मग वीस! एकोणतीसला तेवढी मराठी वेगळ्या वाटेनं जाते.

'डेअर, डी, दास'चंही तसंच. तो, ती, ते आपल्या रक्तातच आहे. फक्त कोणाला काय म्हणायचं ते नव्यानं पाठ करावं लागतं. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे, 'डी झोनं'. सोलापूरच्या सूर्याला 'ती' म्हणायला माझी जीभ आठवडाभर वळत नव्हती.

मुंबईहून परतताना सकाळी रिक्षा भैय्या चौकातून आली. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि तिथली भाषा शिकला. लहानपणापासून ते स्मारक पाहतेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, चिनी बोलायला लागताना पहिलं वाक्य त्यांनी कोणाशी बोललं असेल? रुग्णाशीच ना?

बॅगेत यजमानांसाठी सोलापुरी चादर आहे, माझ्यासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी. पेढे आणि तूप बाहेर काढावं लागलं, कारण बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. आईचा चेहरा पडला. तुपाची बरणी तिनं पुन्हा कपाटात ठेवली, मी आल्यावर उघडायची म्हणून.

आम्ही पूर्व भागात राहतो. शेजारच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या अव्वांच्या (आजींच्या) पायरीवर बसून मी तेलुगू शिकले. व्याकरणाचं पुस्तक नव्हतं. चुकलं की अव्वा तेच वाक्य बरोबर करून पुन्हा म्हणायच्या, आणि मी त्यांच्या मागून. फ्रायबुर्गला अशीच एखादी पायरी मिळावी, एवढंच मागणं आहे.

काल अव्वांनी नेहमीसारखं विचारलं, "अन्नं तिन्नावा?"

तोंडातून निघून गेलं, "या, शोन गेगेस्सन."

त्यांनी विडी वळणारे हात थांबवले. "काय म्हणालीस?"

"जेवले म्हणाले, अव्वा."

"परत म्हण."

मी म्हटलं. त्यांनी हळूहळू, तुकडे पाडत म्हणून पाहिलं, "गे... गेस्सन." मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि त्या माझ्या मागून.