फाइल आहे, पण दिसत नाही: एका टूलच्या डॉक्युमेंटेशनचा अनुभव

एआय एजंटला, म्हणजे पायऱ्या स्वतः ठरवून काम करणाऱ्या एआयला, गिटहबवरचे आमचे रेपो (प्रोजेक्टच्या कोडचे साठे) वाचता यावेत म्हणून ऑफिसातल्या दोघांनी एक छोटं टूल बांधलं आणि डॉक्युमेंटेशन माझ्या गळ्यात आलं. टूल साधं आहे. रेपोचं नाव द्या, फाइलचा पाथ द्या, हवं तर ब्रँच (कोडची समांतर शाखा) किंवा कमिट (नोंदवलेला एक ठराविक बदल) द्या, की मजकूर हातात. पाथ फोल्डरचा असेल तर यादी मिळते. आतून गिटहबची कन्टेन्ट्स एपीआय, म्हणजे प्रोग्रामला फाइली मागता येतात ती सोय; बाहेरून एमसीपी, म्हणजे एआयला बाहेरची टूल्स जोडण्यासाठी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. इन्स्टॉलेशन, कॉन्फिग, पॅरामीटरचा तक्ता हे सगळं पटापट झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते टोकनपाशी. डॉक्युमेंटमध्ये खऱ्या प्रायव्हेट रेपोची उदाहरणं हवी होती, म्हणून मी फाइन-ग्रेन्ड टोकन काढलं, म्हणजे ठराविक रेपो आणि ठराविक हक्कांपुरती गिटहबची डिजिटल किल्ली. परवानगी एकच: कन्टेन्ट्स, फक्त वाचण्यापुरती. मिनिटाचं काम. पण संस्थेच्या प्रायव्हेट रेपोंसाठी असं टोकन सहसा संस्थेच्या मालकांच्या मंजुरीशिवाय चालत नाही, आणि आमच्याकडे मंजुरीचा रस्ता एका अंतर्गत फॉर्ममधून जातो. त्या फॉर्मवर ‘अ‍ॅक्सेसचा प्रकार’ या रकान्यात दोनच पर्याय: ‘एडिट’ आणि ‘अ‍ॅडमिन’. नुसतं वाचणारं कोणी असू शकतं हे फॉर्म बनवणाऱ्याच्या गावीही नव्हतं. मी ‘एडिट’ निवडलं आणि शेऱ्यात लिहिलं की टूल काहीही बदलत नाही. फॉर्म परत आला. फोन केला तर पलीकडून विचारणा, “मॅडम, टूल फक्त वाचतं म्हणता, मग एडिट का मागताय?”

“सर, यादीत दुसरं काही नाहीच आहे.”

“मग ते आयटीला सांगून बदलून घ्या, आणि नवीन रिक्वेस्ट टाका.”

आयटीने सांगितलं, फॉर्म आमचा नाही.

ही टोलवाटोलवी चालू असताना टोकन ‘पेंडिंग’ होतं, आणि खरी गंमत इथेच आहे. पेंडिंग टोकन मेलेलं नसतं. संस्थेचे पब्लिक रेपो ते निमूट वाचतं. त्यामुळे टूल व्यवस्थित चालतंय असंच वाटतं. प्रायव्हेट रेपोची फाइल मागितली की मात्र ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ हा एररचा कोड. ‘परवानगी नाही’ असं सांगणारं ४०३ येत नाही. गिटहब हे मुद्दाम करतं: ज्याला हक्क नाही त्याला असा रेपो अस्तित्वात आहे हेही कळू नये. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. पण आमचं टूल त्या ४०४ चं भाषांतर ‘फाइल सापडली नाही’ असं करून एजंटला द्यायचं.

मग एजंट काय करणार? त्याने सेटिंगची फाइल आधी रेपोच्या मुळाशी, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये शोधली, मग कॉन्फिग फोल्डरमध्ये, मग नावाचं स्पेलिंग बदलून. शेवटी शांतपणे निष्कर्ष दिला: ‘या प्रोजेक्टमध्ये सेटिंगची फाइल नाही, मी नवीन सुचवतो.’ फाइल माझ्या दुसऱ्या खिडकीत उघडी होती.

ज्यांनी टूल बांधलं त्यांचं म्हणणं, ‘हे रीडमीमध्ये (टूलसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहा ना.’ पण एजंट रीडमी वाचत नाही हो! त्याला मिळतं ते टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा, म्हणजे काय काय द्यायचं त्याचा आराखडा. सांगायचं ते त्या वर्णनात आणि एररच्या संदेशात बसलं पाहिजे. वर्णन प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे जातं, त्यामुळे तिथे निबंधही चालत नाही. बरंच खोडून शेवटी उरलं ते असं: ‘४०४ म्हणजे फाइल नाही असं धरू नये. आधी रेपोच्या मुळाची यादी मागवावी. यादी मिळाली तर पाथ किंवा ब्रँच तपासावी. लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. यादीलाही ४०४ आलं तर रेपोचं नाव किंवा परवानगीचा प्रश्न आहे. पाथ बदलून पाहू नये, वापरकर्त्याला सांगावं.’ सबंध डॉक्युमेंटमध्ये मला अभिमान वाटतो तो एवढ्याच मजकुराचा. हे घातल्यावर एजंट अंदाज करायचा थांबला आणि सरळ म्हणाला की बहुधा टोकनला हक्क नाही.

असं काही लिहायला घेणार असाल तर मंजुरीचा अर्ज पहिल्या दिवशी टाका, मजकूर नंतर.

१ एमबीच्या वरच्या फाइलचंही लिहाच. १ ते १०० एमबीच्या फाइलसाठी एपीआयकडून कच्चा मजकूर वेगळा मागावा लागतो. तो न मागता ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे फाइलच्या माहितीच्या रकान्यांसकट मागितलात तर मजकुराची जागा रिकामी येते आणि एजंट म्हणतो, फाइल रिकामी आहे. फोल्डरची यादीही १,००० फाइलींवर तुटते. लार्ज फाइल स्टोरेजमधल्या, म्हणजे मोठ्या म्हणून वेगळ्या साठवलेल्या फाइलच्या जागी तीन ओळींचा पॉइंटर (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी चिठ्ठी) येऊ शकतो, तोही एजंटला खरा मजकूर वाटतो. उदाहरणांत ब्रँचऐवजी कमिटचा हॅश (त्याचा न बदलणारा ओळख-क्रमांक) द्या, नाहीतर उद्या कोणी फाइल बदलली की तुमचं उदाहरण खोटं पडतं.

आणि सुरक्षावाल्यांनी विचारण्याआधीच एक परिच्छेद लिहून ठेवा: फाइलमधला मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नव्हे. एखाद्या कॉमेंटमध्ये ‘आधीच्या सूचना विसर’ असं कोणी लिहून ठेवलं तर एजंट ते वाचणारच, टूल ते गाळत नाही. नुसत्या वाचणाऱ्या टूललाही हा धोका आहे. गंमत म्हणजे त्या फॉर्मवर याबद्दल एकही प्रश्न नव्हता.

मंजुरी आली ती ‘अपवाद’ म्हणून, मुदतीसकट. मुदत संपली की फॉर्म पुन्हा भरायचा आहे, तोच.