सिडनीतली सोडचिठ्ठी

आमच्या शेजारच्या काकांसमोर एका माणसाचं नाव काढायचं नसतं: सोनी बिल विल्यम्स. हे मला सिडनीत आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं. काका मूळचे लेबनीज, सगळा जन्म याच भागात गेलेला आणि कँटरबरी-बँक्सटाउनच्या बुलडॉग्ज या रग्बी लीग संघाचे कट्टर भक्त. (खरं नाव वेगळं, पण आमच्या घरात ते काकाच. आता तेही फोनवर "काका बोलतोय" म्हणतात.) एकदा कुंपणावरून ते पुदिन्याची जुडी देत होते आणि मी सहज बोलून गेले, तो विल्यम्स तुमचाच ना, फार मोठा खेळाडू होता म्हणे. जुडी त्यांच्या हातात तशीच राहिली आणि मी अर्धा तास उन्हात.

झालं होतं असं. 2008 चा जुलै, हंगाम ऐन भरात. विल्यम्सचा बुलडॉग्जशी 2012 पर्यंतचा करार. एके दिवशी हा पठ्ठ्या गुपचूप विमानात बसला आणि थेट फ्रान्समध्ये तूलाँला पोचला, तिथल्या क्लबकडून रग्बी युनियन खेळायला. संघातल्या सोबत्यांनाही पत्ता नव्हता. क्लब आणि लीग चालवणारे कोर्टात गेले. शेवटी साडेसात लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली आणि तो तिकडे खेळायला मोकळा झाला. 2013 मध्ये सिडनीलाच परतला, पण रूस्टर्स या दुसऱ्याच क्लबकडे, आणि त्याच वर्षी त्यांच्यासोबत विजेतेपद जिंकला. काकांच्या लेखी हा शेवटचा भाग सगळ्यात मोठा गुन्हा.

रग्बी म्हटलं की आपल्याला एकच खेळ वाटतो. इथे दोन आहेत, युनियन आणि लीग, आणि दोन्हींचे लोक एकमेकांकडे देशस्थ-कोकणस्थांसारखे बघतात. सिडनी लीगचं माहेरघर. एका बाजूला तेरा जण, सहा पकडींच्या आत काय ते करायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शाळेतली कबड्डीच आठवली, फक्त चेंडू जास्तीचा आणि माणसं शंभर-शंभर किलोंची.

खेळ मला अजून धड कळत नाही. वेड लागलं ते करारांचं, आणि त्यालाही कारण आहे. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा कंपनीने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला होता. दहावीपासूनच्या मूळ गुणपत्रिका त्यांच्या कपाटात, बाबांची जामीन म्हणून सही, आणि मधेच सोडलं तर लाखभर रुपये भरायचे. वर्षाच्या आत दुसरीकडून दीडपट पगाराची ऑफर आली. बाबा एवढंच म्हणाले, "सही केलीस ना? मग पुरी कर." केली. त्यामुळे इथे दर आठवड्याला कुणीतरी कोट्यवधींचा करार मधेच टाकून निघतोय, हे वाचताना आधी राग यायचा, मग हेवा वाटायला लागला आणि मग कुतूहल.

कायद्याचं मूळ आपलं आणि यांचं एकच आहे, इंग्लंडचं. 1852 मध्ये लंडनला योहाना वाग्नर नावाच्या ऑपेरा गायिकेचा खटला झाला. एका थिएटरशी करार केला आणि जास्त पैसे मिळतात म्हणून ती दुसरीकडे निघाली. कोर्टाने सांगितलं, तिला पहिल्या थिएटरात गायला आम्ही भाग पाडू शकत नाही, पण कराराच्या मुदतीत दुसरीकडे गाऊ नकोस एवढं नक्की सांगू शकतो. खेळाडूंचं गणित आजही तेच आहे. मैदानात उतरून धाव, असा हुकूम कुठलाही न्यायाधीश देत नाही. फार तर दुसरीकडे धावू नकोस म्हणतो, नाहीतर नुकसानभरपाई ठरवतो.

लीगमध्ये यावर आणखी एक कुलूप आहे. प्रत्येक करार लीगच्या दप्तरात नोंदवावा लागतो आणि नोंद एका क्लबकडे असताना दुसरा क्लब त्या खेळाडूला उतरवू शकत नाही. जायचं तर पहिल्या क्लबकडून 'रिलीज' हवी. मी घरी तिला सोडचिठ्ठीच म्हणते. पण हे कुलूप फक्त या घराचं. शेजारच्या युनियनच्या घरात, परदेशातल्या स्पर्धांमध्ये, ही नोंदवही कोण विचारतो? विल्यम्स गेला तो याच दारातून.

डेली चेरी-एव्हन्सची गोष्ट निराळी. मार्च 2015 मध्ये मॅनली क्लबच्या या खेळाडूने जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून चार वर्षं गोल्ड कोस्ट टायटन्सकडे. टायटन्सनी भविष्याची सगळी मांडणी त्याच्याभोवती केली. तेव्हाच्या नियमात हंगामाच्या तेराव्या फेरीपर्यंत शब्द फिरवायची मुभा होती. जूनमध्ये साहेब म्हणाले, नाही, मी मॅनलीतच राहतो. साखरपुडा वाजतगाजत, आणि लग्नाच्या तोंडावर नकार. त्याआधी जोश पापालीने पॅरामाटा क्लबला आणि जेम्स टेडेस्कोने कॅनबेरा क्लबला असाच शब्द देऊन फिरवला होता. पुढे तो नियम गेला आणि सहीनंतर दहा दिवस फेरविचाराची सोय आली. मौज म्हणजे ज्याला तेव्हा बेइमान म्हटलं गेलं, तोच चेरी-एव्हन्स 2025 पर्यंत एकाच क्लबात, मॅनलीत, पंधरा हंगाम खेळला. निष्ठा कुणाला मोजायची त्यांनी मोजावी.

याच्या उलट टोकाला एक प्रथा आहे, ती अजूनही माझ्या पचनी पडत नाही. कराराचं शेवटचं वर्ष उरलं की 1 नोव्हेंबरपासून खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघड बोलणी करू शकतो. म्हणजे पुढच्या वर्षी हा समोरच्या संघात असणार हे सगळ्या गावाला माहीत, तरी हा माणूस आख्खा हंगाम जुन्या जर्सीत, जुन्या चाहत्यांसमोर खेळतो. जोसेफ सुआलीने तर मार्च 2023 मध्येच युनियनशी सही केली आणि 2024 चा हंगाम रूस्टर्सकडून खेळला. आपल्याकडे नोटीस पिरियडमधल्या माणसाला चहालासुद्धा कोणी विचारत नाही.

हे सगळं ऐकून वाटेल की खेळाडू भलतेच माजलेत. मग डेनिस टटीचं काय झालं ते ऐका. सिडनीच्या बालमेन क्लबचा खेळाडू. त्याचा करार संपला होता, तरी क्लबने त्याला सोडलं नाही. तेव्हाच्या नियमाने क्लब खेळाडूचं नाव आपल्या यादीत ठेवू शकत असे आणि यादीत नाव असलं की दुसरीकडे खेळणं बंद. टटी हटून बसला. 1969 चा पूर्ण हंगाम त्याने खेळलाच नाही, म्हणजे कमाईही नाही. त्याच वर्षी बालमेन अंतिम सामन्यात साउथ सिडनीला हरवून विजेता झाला आणि हा घरी. प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टापर्यंत, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1971 मध्ये निकाल लागला: माणसाच्या धंद्यावर असा अवाजवी बंध घालता येणार नाही. नंतर लीगने खेळाडूवाटपाची 'ड्राफ्ट' पद्धत आणली, तीही 1991 मध्ये कोर्टाने मोडीत काढली.

तेव्हा करार नसतानाही माणूस बांधलेला होता. आज करार असूनही सुटा. मधली पन्नास वर्षं एका माणसाच्या बुडालेल्या हंगामावर उभी आहेत, आणि शिव्या घालताना काकांना मी हे ऐकवते. ते मान हलवतात आणि विषय बदलतात.

क्लब काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. 2023 साली ती 1 कोटी 21 लाख डॉलर होती. म्हणून करार असे लिहितात की पहिल्या वर्षी पगार कमी, शेवटी जास्त. मग ते शेवटचं वर्ष जवळ आलं की खेळाडूच्या खांद्यावर थाप पडते: बाबा रे, दुसरीकडे बघतोस का? पगाराचा काही भाग आम्ही भरतो. काकांच्याच बुलडॉग्जनी 2018 मध्ये ॲरन वूड्सला मोठ्या कराराने आणलं आणि त्याच हंगामाच्या मध्यात तो क्रोनुला क्लबकडे गेला. याला कोणी गद्दारी म्हणत नाही. याला 'पगाराचं नियोजन' म्हणतात.

आणि हो, आपल्याकडेही हे आहेच. 2010 मध्ये राजस्थान रॉयल्सशी कराराचं नूतनीकरण न करता दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून रवींद्र जडेजा आख्ख्या आयपीएल हंगामाला मुकला. 2025 च्या नोव्हेंबरात अदलाबदलीत तोच जडेजा चेन्नईहून पुन्हा राजस्थानला गेला. खेळाडूने बोलणी केली तर शिक्षा, संघांनी केली तर ट्रेड.

आम्ही राहतो पॅरामाटाच्या बाजूला, म्हणजे माझा मुलगा ईल्सवाला, पॅरामाटाच्या संघाचा. त्यामुळे 2025 च्या नोव्हेंबरात आमच्या घरीही सुतक होतं. ईल्सचा झॅक लोमॅक्स 2028 पर्यंतचा करार सोडून निघाला. आर-360 नावाची नवी युनियन स्पर्धा निघणार होती, तिच्या ओढीने. (आधीच्या ड्रॅगन्स क्लबकडूनही तो मुदतीआधी सोडवणूक घेऊनच ईल्सकडे आला होता, हे आम्ही तेव्हा सोयीने विसरलो होतो.) आर-360 मध्ये जाणाऱ्याला दहा वर्षं बंदी, असा दम लीगने आधीच भरला होता. ईल्सनी सोडचिठ्ठी दिली, पण अटीवर: आमच्या परवानगीशिवाय 2028 संपेपर्यंत इथल्या दुसऱ्या क्लबकडून खेळायचं नाही. मग आर-360 चा मुहूर्तच 2028 वर गेला, मेलबर्न स्टॉर्म या इथल्याच क्लबला लोमॅक्स हवासा झाला आणि ईल्सनी कोर्ट गाठलं. वाग्नरबाईंचाच खटला, चेंडूसह.

त्याआधीची, 2025 च्या जूनमधली गोष्ट सांगायची राहिलीच. लॅकलन गॅल्विन, वय 19, वेस्ट्स टायगर्सचा. हा क्लब म्हणजे टटीच्या त्या बालमेनचाच वारस. दोन जुने क्लब एकत्र येऊन झालेला. गॅल्विनचा करार 2026 च्या शेवटापर्यंत. पोराने मुदतवाढ नाकारली, तर त्याला आधी दुय्यम संघात पाठवलं आणि मग महिन्याभरात सोडचिठ्ठी देऊन मोकळं केलं. टटीला जे वर्षभर घरी बसून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळालं, ते याला दीड महिन्यात. तो गेला बुलडॉग्जकडे आणि पहिलाच सामना राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीला, 9 जूनला, आमच्या ईल्सविरुद्ध.

काकांनी तिकिटं काढली होती. गॅल्विन मैदानात आला तेव्हा ते उभे राहून टाळ्या वाजवत होते, निळापांढरा मफलर डोक्यावर फिरवत. मी न राहवून विचारलं, "काका, याचाही करार बाकी होता ना? मग सोनी बिलचं काय?"

मफलर खाली आला. काका गंभीरपणे म्हणाले, "तो आमच्याकडून गेला होता. हा आमच्याकडे आलाय." आणि बटाट्याच्या चिप्सचा पुडा माझ्यापुढे केला.