पँटचा गुडघा

गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली जीन्स मी आयुष्यात एकदाच घेतली. माझी उंची पाच फूट, तीही कुणी मोजायला आलं तर टाचा किंचित उचलून. घरी आणून घातली, तर दोन्ही भोकं बरोब्बर नडग्यांवर. सायकलवरून पडावं आणि तेही धड पडता येऊ नये, असं काहीसं दिसत होतं. टेलरकाकांकडे नेली. त्यांनी खालून खडूने खूण केली, मग चष्म्यावरून त्या भोकांकडे बघितलं आणि म्हणाले, "लांबी कमी करून देतो ताई, पण भोक काही वर सरकायचं नाही."

तोवर माझी समजूत अशी, की बुटक्या माणसाचं पँटशी भांडण असतं ते लांबीचं. खालून कापलं की मिटलं. त्या भोकांनी दाखवून दिलं की प्रत्येक पँटला स्वतःचा एक गुडघा असतो. फाडलेला नसला तरी असतो. बूटकटची पँट जिथे सगळ्यात अरुंद होते आणि तिथून पुढे घेर सुटायला लागतो, ती जागा शिवणाऱ्याने कुणाच्या तरी गुडघ्यावर ठरवलेली असते. ते 'कुणीतरी' माझ्यापेक्षा बरंच उंच आहे.

तयार पँटच्या पायाची आतली लांबी बहुधा ३० ते ३२ इंच. मला लागते २६. म्हणजे पँटचा गुडघा माझ्या गुडघ्याच्या दोन-अडीच इंच खाली, पोटरीच्या भरात. घेर सुटायचा तो पोटरीपासून, आणि सुटला न सुटला तोच कात्री. बूटकट म्हणून घेतलेली कितीतरी पँट मी टेलरकाकांच्या हातून नळकांडी करून आणली आणि वर त्यांनाच बोल लावला. कार्गो पँटचे बाजूचे खिसे तर पार पोटरीवर लोंबायचे. त्यात मोबाइल ठेवला की चालताना घंटा वाजवल्यासारखा पायावर आपटे.

आणि हे फक्त खालच्या टोकाचं झालं. वरचं टोक त्याहून द्वाड. कमरपट्ट्यापासून दोन पायांच्या सांध्यापर्यंतचं जे माप, ज्याला शिंपी आसन म्हणतात आणि लेबलावर राइझ लिहिलेलं असतं, तेही त्या उंच बाईचंच. 'हाय वेस्ट घाल, पाय लांब दिसतात' असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. कंबर वर गेली की पाय तिथून सुरू झाल्यासारखे वाटतात. पण दुसऱ्याची हाय वेस्ट माझ्या बरगड्यांना टेकते. उभं असताना कळत नाही. ट्रायल रूममध्ये बसून बघावं. बसल्यावर कमरपट्टा टोचला किंवा पुढे कापडाचा फुगा आला, तर ती पँट तिथेच सोडून यावी. लांबी कापता येते. आसन कमी करायचं म्हणजे अर्धी पँट उसवायची, आणि टेलरकाका तेव्हा ज्या नजरेने बघतात ती मला सोसत नाही.

या उंच बाईचा शोध मी बराच घेतला. तयार कपड्यांचा नमुना आधी एका साइजचा, एका मॉडेलच्या अंगावर बसवून करतात, मग त्यावरून बाकीचे साइज लहानमोठे होतात. कंबर बदलते, नितंब बदलतात, पायाची लांबी पुष्कळदा आहे तशीच राहते. जणू कंबर बारीक असणाऱ्या सगळ्या बायका उंचच असतात! त्याच्याही मागे गेलं तर कागदावरचं चित्र सापडतं. खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात-साडेसात पट भरते. फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोकी उंच काढतात, आणि वाढवलेली उंची मुख्यतः पायांत घालतात.

एकदा कुणीतरी आमचा विचार केला होता म्हणा. १९५८ साली अमेरिकेत बायकांच्या तयार कपड्यांसाठी एक सरकारी मानक निघालं. छातीच्या मापावरून आकडा, त्याला जोडून उंच, मध्यम की बुटकी हे सांगणारं एक अक्षर, आणि नितंबांसाठी अधिक-उण्याची खूण. केवढी शहाणी कल्पना! पण सक्ती नव्हती, आणि १९८३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. आता काही दुकानांत 'पेटीट' असा वेगळा विभाग असतो, साधारण पाच फूट तीन-चार इंचांपर्यंतच्या बायकांसाठी. पेटीट म्हणजे बारीक, असं समजून पुष्कळजणी तिकडे फिरकतच नाहीत. बारीक असो की जाड, प्रश्न उंचीचा आहे. तिथल्या पँटचा गुडघाही वर घेतलेला असतो. तिथे पहिल्यांदा एक बूटकट घातली, तर घेर माझ्याच गुडघ्याखालून सुटला. मी आरशासमोर चांगली पाच मिनिटं पाय पुढेमागे करत होते.

तो विभाग नसेल तिथे मी बहिणीच्या लांड्या पँट घेते. म्हणजे तिच्यासारख्यांसाठी शिवलेल्या. धाकटी असून ती पाच फूट सात इंच. तिच्या घोट्याच्या वर संपणारी पँट माझ्या घोट्यावर येऊन नीट थांबते. कात्री लागत नाही. तिच्या पोटरीवर संपणाऱ्या पँटला मात्र मी हात लावत नाही. पोटरीच्या सगळ्यात जाड जागी कापड संपलं की माझे पाय खांबासारखे दिसतात. खाली घोट्यापर्यंत आली, हाड तेवढं दिसलं, की तेच पाय सुधारतात.

पट्ट्यांबद्दल मी फार वाद घातलेत. उभे पट्टे उंच दाखवतात हे सगळ्यांना पाठ. पण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उभ्या रेषांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद वाटतो. २०११ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी हे बाईच्या चित्रांवर करून पाहिलं, तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी बाई जाड दिसली नाही. तेव्हापासून मी पट्ट्यांची धास्ती सोडली. माझी नजर असते कमरेपासून पावलापर्यंतची रेघ तुटते कुठे यावर. पँट काळी आणि बूट पांढरे, की घोट्यापाशी रेघ तुटली. खाली जाड दुमड घातली, तुटली. लांब शर्ट बाहेर सोडला, तर ती मांडीवरच तुटली. शर्ट आत खोचला, बूट पँटच्याच रंगाचे घेतले, इस्त्रीची मधली घडी कडक ठेवली, की नजर वरून खालपर्यंत न अडखळता जाते. तरीही जाड दुमडीची एक ढगळ पँट माझ्याकडे आहे. तिच्यात मी साडेचार फुटी दिसते आणि मला ती फार आवडते.

घेरदार पँट बुटक्यांनी घालू नये म्हणतात, ते मला पटत नाही. घेर मांडीपासून एकसारखा असेल तर गुडघ्याची भानगडच उरत नाही. फक्त ती जमिनीपासून अर्ध्याच इंचावर थांबायला हवी. त्याहून वर गेली की घागरा, खाली गेली की केरसुणी. आता हे अर्धा इंच कुठल्या बुटांवरून मोजायचं? गेल्या महिन्यात अशीच एक पँट घेऊन टेलरकाकांकडे गेले. पायांत रोजच्या सपाट चपला. त्यांनी टेप गळ्यात अडकवली, खडू कानावर ठेवला आणि माझ्या पायांकडे बघत उभे राहिले.

"बूट आणलेत?"

"नाही."

"मग जाऊन आणा," ते म्हणाले आणि दुसऱ्या कुणाचं ब्लाउज उसवायला बसले.